दुधाच्या दातांची शर्यत

आपल्याकडे जुन्या पिढीत शाळेच्या दाखल्यावर सरसकट १ जून ही जन्मतारीख लागायची. ऑस्ट्रेलियातल्या शर्यतीच्या घोड्यांचंही तसंच आहे. शिंगरू सप्टेंबरात जन्मो की नोव्हेंबरात, त्याचा वाढदिवस १ ऑगस्टलाच. त्यामुळे सिडनीच्या रोजहिल गार्डन्सवर ‘गोल्डन स्लिपर’ शर्यतीसाठी उभी राहणारी ‘दोन वर्षांची’ जनावरं प्रत्यक्षात जेमतेम अडीच वर्षांची असतात, काही त्याहूनही लहान. जबडा उघडून पाहावा तर पुढचे दुधाचे दात अजून तिथेच, फार तर हलू लागलेले.

अंतर १२०० मीटर, वेळ साधारण सत्तर सेकंद आणि एकूण बक्षीस ५० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर! एवढ्या लहान घोड्यांवर जगात दुसरीकडे कुठेही इतका पैसा लागत नाही.

सिडनी टर्फ क्लबच्या जॉर्ज रायडर यांच्या कल्पनेतून १९५७ मध्ये ही शर्यत सुरू झाली. पहिल्याच वर्षी टॉडमन नावाचा तांबूस घोडा आठ लेंग्थच्या, म्हणजे आठ घोड्यांच्या लांबीएवढ्या फरकाने जिंकला. त्याचा बाप स्टार किंगडम हा चणीने लहान घोडा स्टॅनली वूटन यांनी इंग्लंडहून आणलेला. त्यानंतर स्कायलाइन, फाइन अँड डँडी, स्काय हाय, मॅजिक नाइट असे टॉडमन धरून ओळीने पाच विजेते याच बापाचे निघाले. पुढे टॉडमनच्या पोटीही दोन विजेते जन्मले. स्टड फार्मवाल्यांना आणखी काय हवं होतं? स्लिपर जिंकलेला नर म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची कमाई, हे समीकरण तिथूनच पक्कं झालं.

आणि त्या समीकरणाने एका देशाची घोड्यांची जातच बदलली. लवकर वयात येणारे, भरदार पुठ्ठ्यांचे, सुसाट सुटणारे घोडे हवेत म्हणून तसेच पैदा होऊ लागले. दमसासाला गिऱ्हाईक उरलं नाही. याची किंमत मेलबर्न कपमध्ये दिसते. ३२०० मीटरची ही शर्यत ऑस्ट्रेलियाचा जीव की प्राण. पण २०१० ते २०२३ या चौदा वर्षांत तिथे जन्मलेला एकच घोडा ती जिंकू शकला, २०१९ चा व्हाऊ अँड डिक्लेअर. बाकीचे बाहेरून आलेले.

घोड्यांच्या पायांचा प्रश्न तर त्याहून जिव्हाळ्याचा. या वयात गुडघ्यावरच्या हाडाची वाढ पुरी झालेली नसते आणि नळीचं हाड दुखावणं हे तरुण घोड्यांचं नेहमीचंच दुखणं आहे. खुद्द टॉडमनलाही शिरेच्या दुखापतीमुळे दीर्घकाळ बाहेर बसावं लागलं. लहानपणी थोडं पळवलं तर हाडं बळकट होतात, असं पशुवैद्यकीय अभ्यास सांगतात आणि ते खरंच आहे. पण सकाळची रपेट वेगळी आणि पाठीवर जॉकी घेऊन, चाबकाच्या धाकाने, जिवाच्या आकांताने पळणं वेगळं.

मे २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियन टर्फ क्लबच्या सभासदांनी रोजहिलची जागा २५ हजार घरांसाठी विकायला मतदानाने नकार दिला. मैदान वाचलं, हे चांगलंच झालं. आता त्याच सभासदांनी स्लिपर एक वर्ष पुढे ढकलून तीन वर्षांच्या घोड्यांसाठी ठेवावी आणि तिच्या बक्षिसातला मोठा वाटा लांब पल्ल्याच्या शर्यतींकडे वळवावा. पैसा जिकडे वळेल, तिकडे स्टड फार्मही वळतील. १९५७ नंतर ते असेच वळले होते.