दुखण्याची साक्ष

गांजा म्हटले की आपल्याकडच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर पोलिसांचा छापाच उभा राहतो. शेजारच्या शिरपूर तालुक्यात पिकात लपवलेली झाडे उपटली, मुद्देमालाची किंमत अमुक लाख, बातमी संपली. हीच वनस्पती जुनाट दुखण्यावर औषध म्हणून कॅनडात व जर्मनीत डॉक्टर लिहून देतात असे सांगितले, तर वर्गात हशा पिकतो. मला तो हशा रुचत नाही, कारण असले जुनाट दुखणे आपल्या वसतिगृहातही राहते.

मी सिकलसेलविषयी बोलतो आहे. भारतात हा आजार 1952 साली निलगिरीच्या आदिवासींत प्रथम नोंदला गेला. आपल्या भिल्ल-पावरा वस्त्यांत तो घरोघर ठाऊक आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांतून, सांध्यांतून, पाठीतून कळा सुटतात. थंडी, तहान, अतिश्रम ही निमित्ते. ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांना यांतले कोणते टाळता येते? माझ्या खोलीतला मित्र हिवाळ्यात तीन-तीन दिवस गुडघे पोटाशी घेऊन पडून असतो. जखम दिसत नाही, सूज दिसेलच असे नाही. "परीक्षा आली की याला बरे दुखते!" असे म्हणणारे महाभाग आहेतच. तो म्हणतो, "सांगून कोणाला कळत नाही, म्हणून सांगणेच सोडले."

आता कायदा पाहा. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा व चरस यांना बंदी केली. पण वैद्यकीय व शास्त्रीय उपयोगाला त्याच कायद्यात वाट ठेवली आहे. नुसत्या पानांची भांग त्याच्या व्याख्येत येत नाही. मात्र महाराष्ट्रात 1949 चा दारूबंदी कायदा तिलाही परवान्याशिवाय हात लावू देत नाही. आयुर्वेदात हीच 'विजया'. अशा गुंत्यात एखादा रोगी रात्री कळ सोसवेना म्हणून चिलीम ओढत असेल, तर तो डॉक्टरांना सांगेल का? सेवन हाच गुन्हा आहे. मग त्याला आराम पडतो की नुसती गुंगी येते, हे कळायचे कसे?

गांजा हे रामबाण औषध आहे असे माझे मुळीच म्हणणे नाही. अमेरिकेत सिकलसेलच्या 23 रोग्यांवर झालेल्या प्रयोगाचा निष्कर्ष 2020 साली प्रसिद्ध झाला. वेदना ठळकपणे कमी झाल्याचे त्यात सिद्ध झाले नाही. दुखण्यामुळे मनावर येणारे मळभ मात्र काहीसे हटले. तेवीस माणसे म्हणजे आपल्या एका बाकड्यावरच्या रांगा! एवढ्यावरून कोणी बाटलीत तेल भरून पाड्यापाड्यांवर विकू लागला, तर त्याला हाकलूनच दिले पाहिजे. आधी हायड्रॉक्सियुरिया नियमित मिळावे. मॉर्फिनची वाट तर 2014 च्या दुरुस्तीने सोपी केली आहे. तेही धडगाव-अक्कलकुव्याच्या रोग्यापर्यंत पोचले पाहिजे. विजयेचा विचार त्यानंतर, रीतसर प्रयोग करून. आणि त्या प्रयोगात आपले रोगी असावेत.

पण या सर्वांआधीचे एक काम राहून गेले आहे. 1893-94 मध्ये इंग्रज सरकारने गांजा-भांगेच्या चौकशीसाठी आयोग नेमला, तेव्हा 1193 साक्षी घेतल्या. परक्या सरकारला, महसुलाच्या काळजीने का होईना, विचारावेसे वाटले. 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट. रक्त तपासले जाते, कार्ड मिळते, हे चांगलेच आहे. दुखण्याची साक्ष मात्र त्या कार्डावर मावत नाही.

आमच्या समाजशास्त्राच्या प्राध्यापकांना म्हणूनच माझी विनंती आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या यंदाच्या शिबिरात रस्ता झाडण्याचा एक दिवस कमी करावा आणि ज्यांची तयारी असेल त्या रोग्यांशी आम्हांला बोलू द्यावे. नाव लिहायचे नाही, गावही नाही. कळ किती दिवस टिकते, गोळी कोणती मिळते, दवाखाना गाठायला किती तास लागतात, रात्री घरातले काय देतात, त्याने खरोखर उतार पडतो का, एवढेच विचारायचे. पावरी आणि भिलोरी बोलणारी मुले आपल्याच वर्गात बसली आहेत. दुभाषी बाहेरून आणावा लागणार नाही.