शेकाट्यांची शिरगणती

पांगारा फुलला की पुण्यात मुळा-मुठेच्या काठी सहकुटुंब निसर्गफेऱ्या सुरू होतात. गळ्यात दुर्बीण अडकवलेली मुलं, मागे आई-वडील, एखादे उत्साही आजोबा. प्रत्येकाच्या हाती एक कागद आणि कागदावर दोन रकाने: पक्ष्याचं नाव आणि संख्या. बंडगार्डनच्या खाली कल्याणीनगरच्या बाजूला गेलं की दुसरा रकाना भराभर भरतो. कारण तिथे शेकाटे असतात. लांब गुलाबी पाय, काळे पंख, पांढरंशुभ्र पोट. देखणा पक्षी, थव्याने राहणारा आणि मोजायला सोपा. आकडा मोठा आला की फेरी छान झाली असं ठरतं आणि मंडळी पोह्यांकडे वळतात.

शेकाट्या तिथे काय खात होता, हे कुणी विचारत नाही.

तो वाकून गाळातून टिपत असतो त्या बव्हंशी चिलटांच्या अळ्या. त्यातल्या काही रक्तासारख्या लाल असतात, कारण त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं. पाण्यात प्राणवायू नावापुरता उरला तरी तेवढ्यावर त्या तग धरतात. ज्या पाण्यात मासा गुदमरतो, त्यात ही अळी पोसते. शेकाट्या स्वच्छ तळ्याकाठीही राहतो. दोष त्याचा नाही. पण मैलापाणी सोडलेल्या नदीत त्याला पंगत वाढलेली असते. तिथे मुलांनी दुसऱ्या रकान्यात लिहिलेला आकडा पक्ष्यांचा कमी आणि सांडपाण्याचा जास्त असतो.

तोच प्रकार खंड्याचा. निळा खंड्या दिसला की ‘बघा, अजून मासे आहेत’ असं मोठी माणसं सांगून टाकतात. या खंड्याचं नदीवाचून काही अडत नाही. नाकतोडे आणि सरड्यांवर तो सोसायटीच्या बागेतही मजेत जगतो. माशांची खबर देणारा खंड्या वेगळा, काळापांढरा कवड्या धीवर. पाण्यावर एका जागी पंख फडफडवत तो अधांतरी थांबतो आणि खाली मासा दिसला की सूर मारतो. दिसला तर. काळ्या, फेसाळ पाण्यात त्याला दिसणार काय? नदी सुरयाचंही तसंच. त्याला मासा हवा, शिवाय अंडी घालायला उन्हाळ्यात उघडं पडणारं वाळूचं बेट हवं.

हे दोघे दिसले नाहीत तर कागदावर त्यांच्यापुढे शून्य पडायला हवं. पण शून्य लिहायची पद्धतच नाही. जो दिसला नाही, तो यादीत येत नाही. आणि यादीत नाही, त्याची उणीव कुणाला जाणवत नाही. मुळा-मुठेसाठी 2016 साली मंजूर झालेल्या 11 मैलापाणी शुद्धीकरण केंद्रांचा हिशेब मागायला या शून्याहून बोलका पुरावा नसेल. तो नोंदवलाच जात नाही. उलट ‘नदीकाठी पक्ष्यांची गर्दी’ अशी सचित्र बातमी तेवढी छापून येते.

आयोजक म्हणतात, मुलांना आधी गोडी लागू दे, गटाराचं नंतर बघू. अर्धं पटतं. पण नाकाला रुमाल लावून चालणाऱ्या तिसरीतल्या मुलाला गटार केव्हाच कळलेलं असतं. कागदावर त्याला जागा नसते, इतकंच.

तेव्हा तिसरा रकाना आखा: ‘काय खात होता?’ कवड्या धीवर आणि नदी सुरय ही नावं आधीच छापून ठेवा, पुढे शून्य भरता येईल अशी. आणि पुढच्या फेरीला पक्षी ओळखणाऱ्या जाणकाराबरोबर महापालिकेच्या मैलापाणी विभागातला एखादा अभियंताही बोलवा. मुलांचे प्रश्न त्यालाच असणार आहेत.