जुन्या फोनवर कस्टम रॉम टाकायचा? आधी बँकेच्या ॲपचं बघा

"दादा, एवढा रॉम टाकून दे ना." मावसभावानं फोन माझ्यापुढे धरला. फाइल डाउनलोड करून झाली होती, व्हिडिओ बघून झाला होता, फक्त लॅपटॉप आणि केबल माझी हवी होती.

हा भाऊ पिंपळगाव बसवंतचा. नाशिकला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गंगापूर रोडला मित्रांसोबत रूम करून राहतो. फोन २०१९ चा. आधी काका वापरायचे, आता याच्याकडे आला. अँड्रॉइड १०, शेवटचा सिक्युरिटी पॅच २०२१ चा, स्टोरेज गच्च भरलेलं आणि कॅमेरा उघडायला लागणारा वेळ मोजता येईल इतका. त्याची अपेक्षा साधी होती: रॉम टाकला की फोन नवा होईल आणि पंधरा हजार वाचतील.

मी कॉलेजात असतो तर अर्ध्या तासात टाकून दिला असता. या वेळी मी आधी विचारलं, "या फोनवर काय काय चालतं ते सांग." यादी अशी निघाली: काकांचं बँक खातं याच नंबरला जोडलेलं, म्हणजे द्राक्षाच्या व्यापाऱ्याचे पैसे आले की मेसेज इथे येतो. औषधवाल्याचं बिल इथूनच यूपीआयनं जातं. प्रत्येक हंगामात गावी जाऊन, बांधावर उभं राहून ई-पीक पाहणी हाच करतो. घरात दुसरा फोन आहे तो बटणांचा.

ही यादी ऐकल्यावर मी केबल परत ड्रॉवरमध्ये ठेवली. कारण सांगायला मात्र तास गेला. तेच इथे लिहितो, कारण हा प्रश्न मला दर महिन्याला कोणी ना कोणी विचारतंच.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. अँड्रॉइडचा मूळ सोर्स कोड गूगल खुला ठेवतं. कंपनी तो घेते, त्यावर आपला साज चढवते आणि फोनमध्ये भरते. कंपनीनं दोन-तीन वर्षांनी अपडेट थांबवले की तोच खुला कोड घेऊन काही हौशी डेव्हलपर त्या मॉडेलसाठी नवीन अँड्रॉइड तयार करतात. तो म्हणजे कस्टम रॉम. तो टाकण्यासाठी फोनचा बूटलोडर अनलॉक करावा लागतो, म्हणजे 'फक्त कंपनीची सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू कर' हा नियम काढून टाकावा लागतो. सगळा डेटा पुसला जातो तो याच टप्प्यावर.

आपल्याकडे या गोष्टीची क्रेझ आली ती साधारण २०१४ च्या डिसेंबरात. वनप्लस वन भारतात आला तो सायनोजेन घेऊन आणि त्याच महिन्यात मायक्रोमॅक्सनं 'यू युरेका' ८,९९९ रुपयांत जाहीर केला, तोही सायनोजेनवर. भारतात सायनोजेन कुणाचं, यावरून दोन्ही कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात भांडल्या. मी तेव्हा शाळेत होतो आणि फोनच्या सॉफ्टवेअरवरून कोर्टात जातात याचंच मला आश्चर्य वाटलं होतं. पुढे डिसेंबर २०१६ मध्ये सायनोजेन कंपनीनं सेवा बंद केल्या. त्या कोडमधून 'लिनिएजओएस' उभं राहिलं आणि ते आजही चालू आहे.

लिनिएजचं काम खरंच कौतुकाचं आहे. पोको एफ१ चं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०१८ मध्ये अँड्रॉइड ८.१ वर आलेला हा फोन, कंपनीचे अपडेट अँड्रॉइड १० ला थांबले. त्याच फोनला लिनिएजओएस २२ अधिकृतपणे मिळालं, म्हणजे अँड्रॉइड १५. कंपनीनं सोडून दिलेल्या फोनला स्वयंसेवकांनी पाच आवृत्त्या पुढे नेलं. म्हणून 'कस्टम रॉम म्हणजे धोका' असं कोणी सरसकट म्हणालं की मला पटत नाही.

मग अडतं कुठे?

अडतं ते बँकेच्या दारात.

पूर्वी बँकेचं ॲप फोन रूट केलाय का एवढंच वरवर बघायचं आणि त्याला चकवणं सोपं होतं. आता बरीच ॲप्स गूगलच्या 'प्ले इंटिग्रिटी' नावाच्या सेवेला विचारतात. प्रोसेसरच्या आत एक सुरक्षित कप्पा असतो, त्यात कारखान्यातच एक गुप्त किल्ली ठेवलेली असते. बूटलोडर लॉक आहे की अनलॉक, हे तो कप्पा त्या किल्लीनं सही करून सांगतो. वरचं सॉफ्टवेअर कितीही बदला, त्या सहीची नक्कल करता येत नाही. बूटलोडर उघडा दिसला की उत्तर 'नापास', आणि पुढे काय करायचं ते ॲपनं ठरवायचं. काही ॲप चालू देतात, काही फक्त इशारा देतात, काही उघडतच नाहीत.

बँकांना यासाठी दोष देणं सोपं आहे, पण त्यांच्यामागेही कोणी आहे. रिझर्व्ह बँकेनं फेब्रुवारी २०२१ मध्ये डिजिटल पेमेंटच्या सुरक्षेसाठी ज्या सूचना काढल्या, त्यात रूट केलेल्या फोनवर ॲप चालूच न देण्याची शक्यता तपासा असं सुचवलेलं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेले आणि १ एप्रिल २०२६ पासूनचे नवे नियम व्यवहाराची जोखीम ठरवताना फोनची माहितीही विचारात घ्यायला वाव देतात. म्हणजे ही चाळणी बारीक होत जाणार, सैल होणार नाही.

आता यातली गंमत बघा. गंमत कसली, मला तर रागच येतो. मे २०२५ पासून प्ले इंटिग्रिटीचे निकष कडक झाले. अँड्रॉइड १३ किंवा पुढचा फोन असेल तर सगळ्यात वरचा शेरा मिळवायला गेल्या वर्षभरातला सिक्युरिटी अपडेट लागतो. ठीक आहे, योग्यच आहे. पण अँड्रॉइड १२ आणि त्याखालच्या फोनला ही अटच नाही. तिथे फक्त बूटलोडर लॉक आहे आणि सही बरोबर आहे एवढं पुरतं. म्हणजे भावाचा २०२१ च्या पॅचवर अडकलेला फोन या परीक्षेत पास होऊ शकतो. त्याच फोनवर या महिन्याचा पॅच असलेलं लिनिएज टाकलं तर तो नापास.

ही परीक्षा फोन किती सुरक्षित आहे हे तपासत नाही. फोनमधल्या सॉफ्टवेअरवर कुणाची सही आहे हे तपासते. दोन्ही गोष्टी एक नाहीत. पण ॲप उघडणार की नाही हे दुसऱ्या गोष्टीवर ठरतं, आणि काकांच्या द्राक्षाचे पैसे त्या ॲपमध्ये आहेत.

"पण दादा, मॉड्यूल टाकून पास होतं की," भाऊ म्हणाला. व्हिडिओत दाखवलं होतं म्हणे. होतं, कधी कधी. त्याची पद्धत अशी की दुसऱ्या कुठल्या तरी फोनच्या बाहेर फुटलेल्या किल्ल्या वापरून 'मी तो फोन आहे' असं भासवायचं. गूगलला त्या किल्ल्या सापडल्या की रद्द होतात, मग पुन्हा नव्या शोधायच्या. त्या टेलिग्रामवर मिळतात, कधी विकतही. आता विचार करा: ज्या फोनवर घरचा पैसा आहे, त्या फोनवर अनोळखी माणसाचं मॉड्यूल, तेही रूटची पूर्ण मोकळीक देऊन. मूळ हेतू फोन सुरक्षित करण्याचा होता ना? आणि कांद्याची गाडी उभी आहे, हमाली द्यायची आहे आणि त्याच सकाळी ॲप म्हणतं 'हे डिव्हाइस सुरक्षित नाही', तेव्हा टेलिग्रामवर नवी किल्ली शोधत बसणार का?

बँकेशिवाय आणखी दोन-तीन गोष्टी आहेत, ज्या आपल्याकडच्या व्हिडिओंत सांगत नाहीत.

जिओचं सिम असेल तर कॉल व्होल्टीवरून जातात, कारण जिओचं टूजी-थ्रीजी नाहीच. रॉममध्ये व्होल्टी नीट जमलेलं नसेल तर इंटरनेट मस्त चालेल आणि फोन लागणार नाही. एअरटेलवाल्यांचा कॉल निदान टूजीवर तरी उतरतो. म्हणून रॉम निवडताना 'आपल्या मॉडेलवर जिओचे कॉल लागतात का' हे आधी शोधा, थीम नंतर.

दुसरं, नेटफ्लिक्ससारख्या ॲपवर एचडी जाऊ शकतं, कारण व्हिडिओच्या संरक्षणाची पातळी अनलॉकनंतर बऱ्याच फोनवर खाली येते. हे चालून जाईल.

तिसरं चालून जाणार नाही: आयएमईआय. कॉलेजात असताना मी घाईत एक चुकीचं पार्टिशन पुसलं आणि फोनचा आयएमईआय गेला. सिम टाकलं तरी नेटवर्क नाही. चूक सर्वस्वी माझी, बॅकअप घेतला नव्हता. तेव्हा एका दुकानदारानं 'दुसरा नंबर टाकून देतो' असं सांगितलं होतं. टाकून घेतला नाही हे नशीब. २०२३ च्या दूरसंचार कायद्यात आयएमईआयशी छेडछाड केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड आहे. त्या फोनवर मी पुढे दोन वर्षं फक्त वायफायवर गाणी ऐकली.

आणि एक मर्यादा लिनिएजलाही ओलांडता येत नाही. रॉमचा पॅच अँड्रॉइडच्या भागातली भोकं बुजवतो. मोडेम, प्रोसेसरचं आतलं फर्मवेअर, काही ड्रायव्हर हे चिप बनवणारी कंपनी आणि फोन कंपनीच देऊ शकते. त्यांनी २०२१ ला थांबवलं असेल तर तो भाग २०२१ लाच राहतो. सेटिंगमध्ये तारीख मात्र या महिन्याची दिसते.

दारं बंद होत चालली आहेत

गेल्या काही वर्षांत आलेल्या बातम्या एकत्र ठेवल्या तर चित्र स्पष्ट दिसतं. मार्च २०२५ मध्ये गूगलनं सांगितलं की अँड्रॉइडचं काम आता बंद दाराआड होईल आणि कोड आवृत्ती तयार झाल्यावर बाहेर येईल. जूनमध्ये अँड्रॉइड १६ चा कोड आला, पण रॉम बनवणाऱ्यांना लागणारी पिक्सेलची डिव्हाइस माहिती या वेळी सोबत नव्हती. सॅमसंगच्या वन यूआय ८ मधून बूटलोडर अनलॉकचा पर्याय गायब झाल्याचं त्याच वर्षी जुलैत समोर आलं. शाओमी, जिच्यामुळे भारतात निम्मी पोरं रॉम शिकली, तिनंही हायपरओएस आल्यावर अनलॉकसाठी अर्ज, जुनं खातं, थांबण्याचा काळ असे अडथळे उभे केले.

याच काळात युरोपनं उलट बाजूनं दार उघडलं. २० जून २०२५ पासून तिथे नियम आहे की मॉडेलची विक्री थांबल्यापासून किमान पाच वर्षं अपडेट द्यायचे. आपल्याकडे असं बंधन नाही. ते असतं तर भावाला माझ्याकडे यावंच लागलं नसतं. रॉमवाल्यांशी भांडण्यापेक्षा हा प्रश्न विचारला पाहिजे असं मला वाटतं: फोन शेतकऱ्याच्या सगळ्या सरकारी आणि बँकेच्या कामाला लागतो म्हणता, मग तो विकणाऱ्यानं त्याला किती वर्षं सांभाळायचं?

तर, टाकायचा की नाही? माझा हिशेब असा: फोन दुसरा असेल, त्यावर यूपीआय नसेल, बिघडला तरी कुणाचं काम अडणार नसेल, मॉडेल लिनिएजच्या अधिकृत यादीत असेल, तर जरूर टाका. शिकायला यासारखी गोष्ट नाही. लिनक्सची पहिली ओळख मला कुठल्या लेक्चरमध्ये नाही, कमांडच्या काळ्या खिडकीत झाली. घरातला एकमेव स्मार्टफोन असेल तर हात लावू नका. आणि अनधिकृत, कोणी बनवलाय ते माहीत नसलेला रॉम तर कशावरच नको.

पण 'टाकू नका' म्हणून मोकळं होणंही बरोबर नाही, कारण २०२१ चा पॅच हाही धोकाच आहे. त्या दिवशी आम्ही सगळे फोटो काढून हार्ड डिस्कवर घेतले, फोन फॅक्टरी रीसेट केला आणि एमजी रोडला जाऊन बॅटरी बदलली. कॅमेरा आता पटकन उघडतो. गेम, कर्जाची ॲप्स, कुणी व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या एपीके फाइल, सगळं बंद. लग्नाच्या पत्रिकेच्या नावानं येणारी एपीके तर अजिबात नाही, हे काकांनाही फोन करून सांगितलं. यूपीआयची रोजची मर्यादा ॲपमध्ये कमी करून ठेवली.

आणि माझ्या ड्रॉवरमधला, काच तडकलेला जुना फोन त्याला दिला. तो लिनिएजच्या यादीत होता. पहिल्यांदा बूटलूपमध्ये अडकला, रात्री साडेअकराला मला कॉल: "दादा, लोगोच फिरतोय नुसता." रिकव्हरीतून डेटा फॉरमॅट करायचा राहिला होता. दुसऱ्यांदा झालं. आता त्यात यूट्यूब आणि कॉलेजच्या पीडीएफ आहेत, सिम नाही. काकांचा फोन द्राक्षाचे पैसे आले की बदलायचा असं ठरलंय, आणि या वेळी दुकानात कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलआधी 'अपडेट किती वर्षं?' हे तो विचारणार आहे.