आकृतीला चर्चगेट कशाला?

विरार कुठे आहे, असं विचारलं तर रेल्वेचं उत्तर ठरलेलं आहे: चर्चगेटपासून ६० किलोमीटर. नालासोपारा ५६, वसई रोड ५२. रेल्वेच्या कामाला हे उत्तर बरोबर आहे. पण वसईत रस्त्यावर कुणाला पत्ता विचारा, तो चर्चगेटचं नाव काढत नाही. तो म्हणतो, "सरळ जा, नाका लागला की डावीकडे, मग दुसरी गल्ली." तुम्ही जिथे उभे आहात तिथून तो मोजतो. पहिल्या पद्धतीला गणितात निरपेक्ष निर्देशक म्हणतात, दुसरीला सापेक्ष. माझं भांडण एवढंच आहे की भूमितीच्या आकृत्या संगणकावर काढताना आपण शिक्षक मंडळी प्रत्येक बिंदू चर्चगेटपासून मोजत बसतो, आणि त्याचा भुर्दंड मुलं भरतात.

मी भाषेचा शिक्षक, उर्दू आणि मराठीचा. गणिताशी माझा संबंध काय, असं कुणी विचारेल. संबंध असा की दोन्ही लिप्या टंकता येणाऱ्या माणसाकडे सगळ्या विषयांचे पेपर येतात. उर्दूचा पेपर इनपेजमध्ये, मराठीचा वर्डमध्ये, आणि आकृती? ती कुठल्या तरी इंग्रजी गाइडमधून मोबाइलवर टिपलेली. ए, बी, सी या अक्षरांवर व्हाईटनर, त्यावर पेनानं नवी अक्षरं, मग झेरॉक्स. झेरॉक्सची झेरॉक्स झाली की कर्ण अर्ध्यात तुटतो आणि काटकोनाचा चौकोनी खुणेचा ठिपका होतो.

एका शाळेत घडलेली गोष्ट आहे. पेपरात त्रिकोण होता, प्रश्न पायथागोरसचा. आकृती माउसनं ओढून काढलेली. एका मुलीनं कोनमापक लावला, कोन ९० अंशांचा भरला नाही. तिनं लिहिलं, "हा काटकोन त्रिकोण नाही, म्हणून प्रमेय लागू होत नाही." गुण शून्य. तपासणाऱ्यांचं म्हणणं, आकृती फक्त समजण्यापुरती असते. मग वर्षभर त्या मुलीला टोकदार पेन्सिल आणि कोनमापक आणायला कशाला लावलं? मुलांनी अचूक काढायचं आणि आपण अंदाजे छापायचं, हा कुठला न्याय?

यावरचा उपाय नवा नाही. डोनाल्ड क्नुथ यांनी १९७८ साली टेक नावाची अक्षरजुळणीची प्रणाली दिली, लाटेक हे तिचंच सोपं रूप. त्यात आकृत्या काढण्यासाठी टिल टांटाऊ या जर्मन प्राध्यापकांनी टिक्झ तयार केलं. त्या नावाचा जर्मनमधला विस्तारच असा आहे की 'टिक्झ हा चित्र काढायचा प्रोग्राम नव्हे'. तिथे माउसनं ओढायचं नसतं, सांगायचं असतं. आज्ञा रोमन लिपीतच टंकावी लागते, पण तिचा सांगाडा आपल्या अक्षरांत असा दिसेल:

(०,०) -- ++(४,०) -- ++(०,३) -- सायकल

वाचायला अगदी वसईच्या पत्त्यासारखं आहे. आरंभबिंदूवर उभे राहा, उजवीकडे चार, तिथून वर तीन, आणि निघालात तिथे परत. काटकोन त्रिकोण तयार, कर्ण पाच. कोन ९० अंशांचाच, कारण दुसरा काही होऊच शकत नाही. ती दोन अधिक चिन्हं म्हणजे 'आता जिथे आहेस तिथून'. चिन्हं काढली की तोच कंस 'आरंभबिंदूपासून' असा वाचला जातो.

आता कुणी म्हणेल, तीन बिंदूंसाठी एवढा गाजावाजा कशाला, सरळ (४,०) आणि (४,३) लिहा. बरं, मग पाच पायऱ्यांचा जिना काढा. काढून झाला की पहिली पायरी थोडी उंच करा. निरपेक्ष पद्धतीत तिच्या पुढच्या प्रत्येक बिंदूची उंची पुन्हा लिहावी लागते. सापेक्ष पद्धतीत एकच आकडा बदलतो, बाकीचा जिना आपोआप वर सरकतो. 'सरकवण्याची वेगळी आज्ञा आहे की' हा जाणकारांचा आक्षेप मी ऐकलेला आहे. ती आज्ञा अख्खी आकृती सरकवते, आकृतीच्या आत एक बाजू बदलली तर ती मदतीला येत नाही.

समभुज त्रिकोणात तर फरक डोळ्यांत भरतो. बाजू ४ घेतली तर शिखराचा निरपेक्ष निर्देशक २ आणि ३.४६४१०१६ आणि पुढे न संपणारी शेपटी. वर्गमूळात तीन लपलेला आहे, हे त्या आकड्याकडे बघून सातवीच्या मुलाला कसं कळावं? सापेक्ष पद्धतीत कोन आणि अंतर देता येतं: (०,०) -- ++(०:४) -- ++(१२०:४) -- सायकल. चार चाला, १२० अंशांच्या दिशेनं चार चाला, बंद करा. इथे एक बारकावा सांगायला हवा. जागा मागच्या बिंदूपासून मोजली जाते, पण कोन मात्र कागदाच्या उजव्या दिशेपासूनच. तरीही एक दिशा दुसरीतून वजा केली की वळण हातात येतं, आणि ते वळण म्हणजे बाह्यकोन. सुसम षटकोनात दर वेळी ६० अंशांनी वळायचं, सहा वळणांत ३६० पुरे. बाह्यकोनांची बेरीज ३६० का, याचं उत्तर त्या एका ओळीत चालत चालत मिळतं. दशांशांच्या शेपटीत ते कुठे शोधणार?

जिओजेब्रावाले इथे हमखास मध्ये पडतात. वर्गात फळ्यासमोर बिंदू हलवून दाखवायला जिओजेब्रासारखं साधन नाही, हे मला मान्य आहे. पण त्यातून टिक्झचा कोड निर्यात करून बघा. सगळे बिंदू निरपेक्ष, दशांशानंतर आकड्यांची रांग. चालतो, छापतोही. पण तो कोड दुसऱ्या शिक्षकाला वाचता येत नाही, दुरुस्त करता येत नाही. जी आकृती फक्त बनवणाऱ्या यंत्रालाच कळते, ती पुन्हा व्हाईटनरच्या वाटेला लागते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: सापेक्ष मार्गात एक पाऊल चुकलं की पुढचं सगळं चुकतं. खरं आहे. मी तर म्हणतो, हाच त्याचा गुण आहे. निरपेक्ष पद्धतीत एका बिंदूचा आकडा जरासा चुकला तर आकृती किंचित वाकडी होते, नजरेतून सुटते आणि पेपरात छापली जाते. वरच्या मुलीचं शून्य असंच जन्माला आलं. सापेक्ष मार्गात पाऊल चुकलं की शेवटची बंद करणारी रेषा तिरकी येते आणि चूक ओरडून सांगते. जमीन मोजणाऱ्यांना हे आपल्याआधी ठाऊक होतं. मुंबई इलाख्याच्या मोजणीत ३३ फुटांची साखळी असे, साखळी गुणिले साखळी म्हणजे गुंठा, १,०८९ चौरस फूट. बांधावरून मोजत फिरायचं, सुरुवातीच्या दगडावर परत यायचं, आणि फरक किती पडला ते बघायचं. आपल्याकडे गुंठ्यागुंठ्यावरून भाऊ कोर्टात जातात, त्यांना हे पटवायला लागू नये.

खरा सापळा दुसरीकडे आहे, आणि शिकवणारे त्याबद्दल बोलत नाहीत. एक अधिक चिन्ह आणि दोन अधिक चिन्हं यांत फरक आहे. दोन चिन्हं असतील तर तुम्ही पुढे जाता आणि पुढचं माप नव्या जागेपासून सुरू होतं. एकच असेल तर रेषा पुढे जाते, पण मोजणारा जुन्या जागीच उभा राहतो. एका खांबापासून चार दिशांना दोऱ्या बांधायच्या असतील तर एक चिन्ह बरोबर, बांधावरून चालायचं असेल तर दोन. हा फरक पहिल्याच तासाला शिकवला तर निम्म्या तक्रारी संपतील.

आपल्या उर्दूवाल्यांना हे परकं वाटावं, याचं मला जास्त नवल वाटतं. दहाव्या शतकातल्या बगदादचे वजीर इब्न मुक्ला यांच्या नावावर जी लेखनपद्धती सांगितली जाते, तिचं नावच खत-ए-मन्सूब, म्हणजे एकमेकांशी नातं असलेलं अक्षर. तिथे मापाला पट्टी नसते. कलमाच्या टोकानं उमटलेला नुक्ता हेच माप. नस्तालीकचा अलिफ साधारण तीन नुक्त्यांचा. कलम जाड घ्या किंवा बारीक, नातं तेच राहतं. मुंबईची उर्दू वर्तमानपत्रं कित्येक दशकं कातिबांनी याच हिशेबानं हातानं लिहिली. आणि मराठीवाल्यांनी तरी दूर का जावं? प्रा. र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला मंगल हा फाँट ट्रूटाइप जातीचा आहे. त्या जातीत अक्षराच्या कडेवरचा प्रत्येक बिंदू आधीच्या बिंदूपासूनच्या फरकानं साठवलेला असतो. म्हणजे 'क' असो की 'ज्ञ', संगणकाच्या पोटात ते पावलापावलानंच लिहिलेलं आहे.

निरपेक्ष निर्देशक टाकून द्या, असं मी म्हणत नाही. आलेख, संख्यारेषा, नववी-दहावीची निर्देशक भूमिती: तिथे आरंभबिंदू हाच विषय आहे, तिथे तो हवाच. माझा राग आहे तो त्रिकोण, चौकोन, जिना, शेत यांच्यावरही आलेखाचा कागद लादण्यावर.

राहिला शेवटचा टोमणा, जो मला स्टाफरूममध्ये आपल्याच माणसांकडून ऐकावा लागतो: "सर, कोडबिड हे इंग्रजी मीडियमवाल्यांचं काम." शाळेच्या पेपरातल्या बहुतेक आकृत्यांना टिक्झचे दहा-बारा इंग्रजी शब्द पुरतात. आमच्या सहावीच्या पोरांना क्रिकेटचे याहून जास्त येतात. आणि फायदा बघा: आकृतीचा कोड एकदाच लिहायचा, मराठी पेपरात शिरोबिंदूंना अ, ब, क द्यायचे, उर्दू पेपरात अलिफ, बे, जीम. रेषांना हात लावायचा नाही. इंग्रजी माध्यमाच्या पोराला जेवढी स्वच्छ रेषा मिळते तेवढीच आपल्या पोराला मिळते, व्हाईटनरशिवाय. पुढच्या घटक चाचणीचे पेपर माझ्याकडे येतील तेव्हा आकृतीच्या जागी फोटो चिकटवलेला नको. बाजू किती आणि वळायचं कुठे, एवढं कागदावर लिहून पाठवा. बाकीचं मी टंकतो.