कोर्स केलाय, पण कितव्या सालचा?

औषधाच्या बाटलीवरची एक्सपायरी डेट बघायची सवय आता आपल्याला लागलीय. ऑनलाइन ट्रेनिंगच्या व्हिडिओवर मात्र तारीख कुणी बघत नाही. बनवणारा टाकतही नाही. आणि नुकसान इथेही होतंच.

पीकविम्याचं घ्या. खरीप २०२३ पासून राज्यात एक रुपयात पीकविमा आला. अर्ज कसा भरायचा, भरपाई कशी मिळते, हे शिकवणारे व्हिडिओ तेव्हा गावोगाव फिरले. खरीप २०२५ पासून एक रुपया बंद झाला. आता शेतकऱ्याचा हप्ता विमा रकमेच्या खरिपाला २ टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना ५ टक्क्यांपर्यंत. भरपाईही पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पन्नावर आली.

तेवढ्यावर थांबलं नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने जाहीर केलं की वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान आणि भातखाचरात पाणी साचून झालेलं नुकसान खरीप २०२६ पासून विम्यात घेता येईल. नुकसान ७२ तासांच्या आत ॲपवर फोटोसह कळवायचं. कोणते प्राणी आणि कोणता भाग, हे राज्याने अधिसूचित करायचं. आपला मुळशी तालुका म्हणजे भात आणि रानडुक्कर. आपल्याइतका या बातमीचा संबंध कुणाचा असेल?

आता विचार करा. २०२३ चं ट्रेनिंग घेतलेला माणूस आज शेतकऱ्याला काय सांगेल? हप्ता चुकीचा सांगेल, भरपाईचा नियम चुकीचा सांगेल आणि "डुकराने खाल्लेलं विम्यात बसत नाही" म्हणून परत पाठवेल. तो खोटं बोलत नाही. शिकला तेच सांगतोय. पण ७२ तास निघून गेले की शेतकऱ्याच्या हाती काय राहतं?

ई-पीक पाहणीचंही तेच. १५ ऑगस्ट २०२१ ला ती राज्यभर सुरू झाली. तेव्हापासून ॲप बदललं, आता डीसीएसवालं ॲप आहे. जुना व्हिडिओ बघून माणूस बांधावर उभा राहतो आणि स्क्रीनवर नसलेलं बटण शोधत बसतो. त्यात ताम्हिणीकडे रेंजची बोंब. मुदत संपते आणि सातबाऱ्यावर पीक कोरं राहतं.

मग ट्रेनिंग बदलायचं कधी? माझ्या मते तीन वेळा.

एक, नियम, दर किंवा कायदा बदलला की. तोही नियम लागू व्हायच्या आधी. हे जमतं. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली. तारीख काही महिने आधी जाहीर होती, म्हणून पोलिसांचं प्रशिक्षण आधी सुरू करता आलं. फसवणुकीचं ४२० कलम ३१८ मध्ये गेलं, एफआयआरचं १५४ कलम १७३ झालं. त्या दिवसानंतरही जुनी कलमं शिकवणारा कोर्स चालू ठेवला तर तो नसलेला बरा.

दोन, स्क्रीन बदलली की. हंगाम सुरू व्हायच्या आधी, हंगाम संपल्यावर नाही.

तीन, लोक तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायला लागले की. याकडे कुणीच बघत नाही. दहा जण एकाच ठिकाणी अडतात तेव्हा दहा जण मठ्ठ नसतात, धडा चुकलेला असतो. कुठे अडतंय ते सहायक कृषी अधिकाऱ्याच्या फोनवर रोज कळतं. पुण्या-मुंबईत बसून कोर्स बनवणाऱ्याने त्याला कधी विचारलंय का?

आणि कधी बदलायचं नाही? नवीन वर्ष आलं, नवीन लोगो आला, मंत्र्यांचा फोटो बदलला म्हणून. २०२४ मध्ये तलाठ्याचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालं, ग्रामसेवकाचं ग्रामपंचायत अधिकारी झालं. कोर्समध्ये ती नावं बदलायलाच हवीत, पण ते काम दहा मिनिटांचं. तेवढ्यावर "सुधारित कोर्स" अशी पाटी लावून सगळ्यांना पुन्हा बसवायचं काही कारण नाही.

कर्मचारी म्हणतात, "सारखं ट्रेनिंगच करायचं तर काम कधी करायचं?" त्यांचं बरोबर आहे. म्हणून पूर्ण कोर्स पुन्हा नको. एका धड्यात एकच गोष्ट ठेवा, म्हणजे बदललेला तेवढाच धडा काढून नवा टाकता येतो. प्रत्येक धड्यावर तारीख टाका. जुना व्हिडिओ काढून टाका. आणि आधी कोर्स केलेल्यांना मेसेज पाठवा: चौथा धडा बदललाय, सात मिनिटांचा आहे, बघून घ्या. सोडण्याआधी रेंज नसलेल्या गावातल्या दोघांकडून करून बघा.

हा मेसेज पाठवणंच राहून जातं. एमकेसीएलचं एमएस-सीआयटी २००१ पासून आहे. अभ्यासक्रम वेळोवेळी बदलत गेला. पण सुरुवातीच्या काळात पास झालेला कर्मचारी सेवापुस्तकात आजही "संगणक साक्षर" आहे. तेव्हा ना यूपीआय होतं, ना "डिजिटल अरेस्ट"वाले भामटे. कोर्स नवा झाला, शिकलेला माणूस होता तिथेच राहिला.

म्हणून तालुका कृषी कार्यालय आणि तहसील कार्यालयाकडे साधी मागणी आहे. येत्या खरिपाआधी प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि सेवा केंद्रात एक कागद लावा: गेल्या वर्षीपासून काय बदललं, कुठल्या तारखेपासून, आणि अडलं तर कुणाला विचारायचं. राज्याची अधिसूचना आली की तो कागदही बदला.

आणि मंडळी, आपल्यासाठी एकच. योजनेचा व्हिडिओ ग्रुपवर टाकण्याआधी तो कधीचा आहे ते बघा. तारीख सापडली नाही तर पुढे ढकलू नका.