केसपेपरवर गाण्याचा रकाना हवा

स्मृतिभ्रंशाचा रुग्ण दाखल होताना आपण बरंच काही लिहून घेतो: रक्तदाब, साखर, चालू औषधं, झोप, पूर्वी पडल्याचा इतिहास. तरुणपणी हे आजोबा, या आजी कोणती गाणी म्हणत, हे मात्र कुणी विचारत नाही. तो प्रश्न त्याच वेळी विचारावा आणि उत्तर केसपेपरवर लागावं, असा आमचा आग्रह आहे.

याला आधार आहे. अल्झायमरमध्ये ताज्या घटना टिपणारा हिप्पोकॅम्पस लवकर खचतो. परंतु जुन्या, ओळखीच्या चालींशी निगडित मेंदूचे भाग तुलनेनं उशिरापर्यंत टिकतात, असं लायपझिगच्या संशोधकांनी २०१५ साली ‘ब्रेन’ या नियतकालिकात मांडलं. लेकीचं नाव न सांगू शकणाऱ्या आजी अख्खी आरती न अडखळता म्हणतात, ती याचमुळे.

नातेवाइकांना मात्र खोटी आशा लावू नका. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१८च्या आढाव्यात २२ अभ्यास आणि १,०९७ रुग्ण होते. संगीतोपचारानं नैराश्याची लक्षणं आणि वागणुकीच्या एकूण तक्रारी कमी झालेल्या दिसल्या. आकलनात किंवा आक्रमकपणात फारसा फरक पडला नाही. गाण्यानं स्मृती परत येत नाही, दिवस सुसह्य होतो. आपल्या कामात हे थोडं नव्हे.

गाणं कुणाचं, हे महत्त्वाचं. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी सर्वांत घट्ट असतात. आज पंच्याऐंशीच्या घरात असलेल्यांचा तो काळ १९५०-६०च्या दशकांतला. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झालं तेव्हा ही माणसं पंधरा-सोळा वर्षांची होती. पण सगळ्यांच्या घरी रेडिओ नव्हता. गिरणगावात वाढलेल्याला शाहिराचा डफ आठवेल, जात्यावर बसलेल्या बाईला ओवी, कुणाला भीमगीतं, कुणाला चर्चमधली भजनं. म्हणूनच हॉलमधल्या स्पीकरवर सकाळपासून एकच भजनमाला लावून ठेवणं, हा उपचार नव्हे. कमी ऐकू येणाऱ्याला तो नुसता गोंगाट असतो आणि त्यात त्याची बेचैनी वाढते.

यंत्रापेक्षा आपला गळा बरा. स्वीडनमध्ये एव्हा गोटेल आणि सहकाऱ्यांनी सकाळच्या शुश्रूषेच्या वेळी सेविकांना गायला लावलं. सेविकांच्या तोंडी सूचना कमी झाल्या, तरी रुग्णांना पुढं काय करायचं ते कळत होतं. आपल्याकडे अंघोळीच्या वेळी काय चालतं ते आठवा: ‘हात वर करा, आजी, हात वर!’ आजी ब्लाउजचं टोक मुठीत घट्ट धरतात, मावशींचा आवाज चढतो. त्याऐवजी समोर, चेहरा दिसेल असं बसावं. कानाचं यंत्र निदान अंघोळीचं पाणी घेईपर्यंत कानात असू द्यावं. खालच्या पट्टीत, धिम्या लयीत पहिली ओळ म्हणावी आणि थांबावं. पुढची ओळ त्यांना घेऊ द्यावी. शब्द चुकले तर दुरुस्त करू नयेत. एखाद्या गाण्यानं रडू कोसळलं तर जवळ बसावं. त्रास वाढला तर ते गाणं थांबवावं आणि तशी नोंद करावी.

‘मला गाता येत नाही’ ही सबब आम्हाला मान्य नाही. रुग्णाला मैफल नको, ओळखीची चाल हवी. ती मावशींना अनेकदा डॉक्टरांपेक्षा जास्त ठाऊक असते. म्हणून हा रकाना भरताना त्यांना बोलवा, आणि घरून आलेल्या बहिणीला किंवा जावेला विचारा. मुलांना आईच्या माहेरची गाणी बहुधा माहीत नसतात.