लाल पेन उचलण्यापूर्वी



मागील घटक चाचणीत नववीच्या एका विद्यार्थ्याने लिहिले, "काही जीवाणू ऑक्सिजनऐवजी लोखंडावर श्वसन करतात." आम्ही गुण कापले व शेरा दिला, 'पुस्तकातले लिहा.' नंतर शोध घेतला, तर उत्तर बरोबर निघाले. चूक आमची होती, म्हणून हे चार शब्द.

अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन आपल्या पेशीतील प्रथिनांच्या साखळीतून शेवटी ऑक्सिजनला मिळतात. त्या प्रवासातच ऊर्जा हाती लागते. पण तळ्याच्या गाळात ऑक्सिजन कुठला? अमेरिकेतील ओनाइडा सरोवराच्या गाळात सापडलेल्या 'शेवानेला' जीवाणूची माहिती १९८८ साली प्रसिद्ध झाली. तो हे इलेक्ट्रॉन गंजासारख्या लोहखनिजालाही देतो. अडचण अशी, की ऑक्सिजन पेशीत शिरतो, खनिजाचा कण शिरत नाही. म्हणून इलेक्ट्रॉनलाच दाराबाहेर पोचवावे लागते. त्यासाठी पेशीच्या बाह्य पटलात नळीसारखे एक प्रथिन असते. तिला आतून एक व बाहेरून एक प्रथिन जोडलेले. या दोघांत प्रत्येकी १० हीम, म्हणजे मध्यभागी लोहाचा अणू असलेले गट. इलेक्ट्रॉन एका हीमवरून दुसऱ्यावर उडी घेत बाहेर पडतो. हेच हीम आपल्या रक्तात ऑक्सिजन वाहते!

'जिओबॅक्टर' हा दुसरा जीवाणू लांब धाग्यांतून इलेक्ट्रॉन पाठवतो. २००५ साली शास्त्रज्ञांना वाटले, हे धागे म्हणजे पेशीवरील केसांसारखे तंतू. २०१९ साली रचना नीट पाहिली, तेव्हा ते हीम असलेल्या प्रथिनांच्या माळेचे निघाले. शास्त्रज्ञ आपले उत्तर दुरुस्त करतात. मग शाळेने का करू नये?

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. श्वसनाची व्याख्या (आम्ही 'परिभाषा' म्हणत असू) आम्ही तोंडपाठ केली. प्रश्न मात्र विचारला नाही. तीच सवय शेऱ्यात उतरली.

बोर्डाच्या परीक्षेत पुस्तकातले लिहावे लागते, ही पालकांची काळजी खरी आहे. पण घटक चाचणी आपल्या घरची आहे. तिथे वेगळे उत्तर आल्यास शिक्षकांनी आधी पडताळावे, मग लाल पेन उचलावे. पालकांनी "हे परीक्षेला येणार का?" असे म्हणून मुलाला गप्प करू नये. विश्वस्तांनी वाचनालयात विज्ञानाची ताजी पुस्तके आणावीत, ही विनंती.

त्या विद्यार्थ्याचे गुण आम्ही परत दिले आहेत. शेराही खोडला आहे.